समोर गाविलगड, मधात धुकं

अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला उंचावरून खाली पाहण्याचा सराव नाही. अकोला समुद्रसपाटीपासून 280 मीटरच्या आसपास, अमरावती त्याहून थोडं वर, आणि मधला पूर्णेच्या खोऱ्याचा मुलूख इतका सपाट की पावसाचं पाणीसुद्धा कोणत्या बाजूने वाहावं याचा विचार करत दिवसभर वावरात उभं राहतं. 2022 च्या जूनमध्ये या दोन शहरांमधल्या महामार्गावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला. देशभर कौतुक झालं, आमच्या छात्या फुगल्या. कोकणातून आलेल्या एका पाहुण्याने मात्र तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि म्हणाला, "ना चढ, ना वळण. विक्रम नाही होणार तर काय होणार?" त्याला आम्ही जेवायला वाढलं, पण दुसऱ्या पुरणपोळीचा आग्रह केला नाही.

अशा मुलखातला माणूस युरोपच्या सहलीला जातो तेव्हा त्याची पंचाईत होते. तिकडे शहर पाहायची रीत निराळी आहे. शहर पाहायचं म्हणजे शहरातून बाहेर पडायचं, कुठल्या तरी टेकडीवर, मनोऱ्यावर, नाहीतर चर्चच्या तीनशे-चारशे पायऱ्या चढून माथ्यावर जायचं आणि तिथून वळून पुन्हा त्याच शहराकडे पाहायचं. सकाळी ज्या गल्लीतल्या दगडांनी गुडघे दुखवले, संध्याकाळी तीच गल्ली वरून दिसली की "अहाहा" म्हणायचं. फ्लॉरेन्सला नदीपलीकडच्या टेकडीवर मायकेलअँजेलोच्या नावाचा चौकच त्यासाठी बांधलेला आहे. बुडापेस्टला कोळ्यांच्या नावाचा बुरूज आहे, त्यावर कोळी नाहीत, सगळे फोटो काढणारे. आमचे अकोल्याचे काकाजी निवृत्तीनंतर अशा एका सहलीला जाऊन आले. आल्यावर पाहुण्यांना फोटो दाखवण्याचा कार्यक्रम पुढे बरेच दिवस चालला. त्यात फोटोपेक्षा निकाल जास्त असत.

पॅरिसचा निकाल असा: "330 मीटर उंच हाय तो टॉवर. वर गेलो. सारं पॅरिस दिसलं. पन एक गोष्ट नाई दिसली."

"कोणती?"

"आयफेल टॉवर. जे पाह्यले गेलो तेच नाई दिसलं."

मोपासाँ हा फ्रेंच लेखक त्या टॉवरवरच्याच हॉटेलात जेवायला जात असे, कारण टॉवर नजरेला पडत नाही अशी पॅरिसमधली तेवढीच जागा होती, अशी गोष्ट सांगतात. मोपासाँचं समाधान आणि काकाजींची तक्रार एकाच जागेवर उभी होती. ती गोष्ट मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "तो लेखक होता. त्यानं तिकिटाचे पैसे वसूल झाले का नाई, असा हिशोब केला नसन."

फ्लॉरेन्सला त्यांचं म्हणणं वेगळं. "खाली लाल कवेलू, मधात मोठा घुमट. बेस हाय. पन तितून वळखीच्या एका तरी मानसाचं घर दिसते का मले? नाई. मंग किती वेळ पाह्यचं?"

युंगफ्राउयोखला 3,454 मीटरवर आगगाडी नेते, युरोपातलं सगळ्यात उंच स्टेशन. त्या दिवशी वर गच्च धुकं. बर्फ पांढरा, आभाळ पांढरं, समोरचं सगळं पांढरं. टूर मॅनेजर म्हणाला, आज आपलं नशीब नाही. काकाजी संतापले. "एवढे पैसे घेतले आन धुकं दाखवलं! धुकं त आमच्या चिखलदऱ्याले फुकट हाय."

त्यांचं ते वाक्य मला तेव्हा नुसतं रागाचं वाटलं होतं. पण वऱ्हाडातली उंच ठिकाणं एकेक आठवून पाहिली तर त्यांनी नकळत मोठीच गोष्ट सांगितली होती.

आधी शहरं घेऊ. अमरावतीला परकोट आहे. गावातल्या व्यापाऱ्यांकडे पैसा, आणि पैशावर पेंढाऱ्यांची नजर, म्हणून निजामाच्या सरकारने 1807 साली तो बांधायला घेतला. वीस-पंचवीस फूट उंच, सव्वादोन मैलांचा वेढा, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडक्या ऐकून बाहेरचा माणूस कॅमेरा सरसावतो. पण छत्रपुरी, पटेल, माता आणि खुनारी या आमच्या खिडक्या डोकावण्यासाठी नव्हत्याच, त्या जाण्या-येण्याच्या लहान वाटा. सगळी भिंतच मुळी बाहेरच्याला आतलं दिसू नये म्हणून उभारलेली. तिथे सूर्यास्त कोण पाहणार?

त्यातल्या त्यात उंच म्हणजे मालटेकडी. वर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, म्हणून तिला शिवटेकडीही म्हणतात. पहाटे तिथे अर्धी अमरावती असते. युरोपातल्या कुठल्याही शहराने हेवा करावा अशी सोय: शहराच्या मधोमध टेकडी, चढ सोपा, तिकीट नाही. पण तिथे खालच्या शहराकडे पाहणारा माणूस मला फारसा भेटलेला नाही. काही जण गोल फिरत मोबाइलमध्ये पावलं मोजतात. काही जण शहराकडे पाठ करून प्राणायाम करतात. बाकावर बसलेले ज्येष्ठ नागरिक उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर यांची तुलना करत असतात. खाली सूर्य उगवून इर्विन चौकापर्यंत आलेला असतो, त्याची दखल घ्यायला कोणी मोकळं नसतं.

अकोल्याला किल्ला आहे, असदगड. औरंगजेबाच्या काळात असदखानाने 1697 च्या सुमाराला मोर्णेच्या काठी बांधला. त्यातल्या मधल्या उंच इमारतीचं नाव हवाखाना. म्हणजे कोणी तरी, कधी तरी, अकोल्यात हवा खायला वर गेला होता, याचा लेखी पुरावा आहे. हवामान पाहता तो डिसेंबरात गेला असावा. 1910 च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की या हवाखान्यात तेव्हा शाळा भरत असे. जिथे बसून नवाबाने दूरवर पाहावं तिथे पोरांनी सत्तावीसचा पाढा म्हणावा, हे अकोल्याच्या व्यवहारी स्वभावाला धरूनच आहे. बाळापूरला नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी सुंदर दगडी छत्री आहे. राजस्थानी माणसाला इथेही नदीकाठी खांब आणि वर घुमट हवासा वाटला. आमच्या लोकांनी तिची सावली वापरली.

अकोल्याचा खरा व्ह्यू पॉइंट विचाराल तर तो गच्ची. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या वर गेला की संध्याकाळी सातला गच्चीवर पाणी शिंपायचं. पहिल्या बादलीला स्लॅबमधून वाफ निघते, तिसऱ्या बादलीला गच्ची तापलेल्या मातीसारखा वास सोडते आणि पाचव्या बादलीला खालून कोणी तरी ओरडतं, "पानी जपून!" मग गाद्या, सतरंज्या, माठ, मच्छरदाणीच्या काठ्या. दिवसभर याच गच्चीवर कुरड्या आणि पापड वाळलेले असतात, त्यामुळे उशाशी एखादी कुरडई सापडते. त्या जागेवरून काकूंना जे दिसतं ते आयफेल टॉवरवरून कोणाला दिसलेलं नाही. कोणाकडे नवा कूलर आला, कोणाच्या दारात तीन दिवस तीच गाडी उभी आहे, कोणाच्या मुलीला पाहायला मंडळी आली आणि ती पोहे न खाता का उठली, हा सगळा प्रदेश त्यांना एका नजरेत दिसतो. अंधारातही.

गावाकडे ही सोय गढीने केली होती. वऱ्हाडात देशमुख-पाटलांची गढी नाही असं मोठं गाव शोधावं लागेल. पांढऱ्या मातीची, चार बुरुजांची, आता बहुतेक ठिकाणी निम्मी ढासळलेली, उरलेल्या निम्म्यावर बकऱ्या. पण या सपाट मुलखात बुरुजावर चढलं की चारी बाजूंची वावरं दिसत, आणि कोणाच्या तुरीत कोणाची गाय आहे हेही कळे. असल्याच एका बुरुजाचा उपयोग 1803 साली एका परक्या माणसाने असा केला की वऱ्हाडचा इतिहास फिरला. तो माणूस आर्थर वेलस्ली. नोव्हेंबरात त्याने अकोल्यात मुक्काम केला, तिथून उत्तरेला निघाला, आणि आडगावच्या अलीकडे एका गावात बुरुजावर चढून पाहिलं. शिरसोलीच्या पलीकडे दोन मैलांवर काही तरी गर्दी हलताना दिसली. ती भोसले आणि शिंद्यांची फौज होती. सैन्य दमलेलं होतं, मुक्काम टाकायचा विचार होता. पण दिसलं म्हटल्यावर त्याने त्याच संध्याकाळी लढाई केली आणि जिंकली. वर चढून काही तरी शोधणारा आणि शोधलेलं सापडलेला एवढाच एक माणूस आमच्या भागात होऊन गेला. तोही बाहेरचा.

त्यानंतर तो गाविलगडाकडे वळला, आणि आता आपल्यालाही तिकडेच जायचं आहे.

वऱ्हाडात नुसतं "पॉइंट" म्हटलं की चिखलदरा. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सगळ्यात उंच वैराट, 1,178 मीटर. हैदराबादच्या पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने 1823 साली हे ठिकाण शोधलं असं सगळीकडे छापलेलं आहे. कोरकू आणि गवळी तिथे आधीपासूनच होते. फरक इतकाच की कड्याच्या ज्या टोकाकडे गुरं जाऊ नयेत म्हणून गवळी आरडाओरडा करायचा, बरोबर त्याच टोकाला साहेबाने खुर्ची मांडली. तेव्हापासून प्रॉस्पेक्ट पॉइंट, हरिकेन पॉइंट अशी नावं रूढ आहेत. गवळ्याची गुरं अजूनही तिकडे जात नाहीत. जातो ते आम्ही.

आणि जातो कधी? ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, जानेवारीत कड्यावरून मैल न् मैल दिसतं. तेव्हा आम्ही जात नाही. तेव्हा सोयाबीन काढायचं असतं, कापूस वेचायचा असतो, लग्नं असतात. आम्ही जातो जुलै-ऑगस्टात, शनिवारी-रविवारी, सगळे एकदम. परतवाड्याला पहिला चहा होतो, त्याच्यापुढे घाट लागला की काकाजी हुकूम सोडतात, "एसी बंद करा, काच खाली घ्या." मग धुक्याचा पहिला पुंजका रस्ता ओलांडून जातो आणि गाडीत वाघ दिसल्यासारखा गलका होतो. मेळघाटात 1974 पासून व्याघ्रप्रकल्प आहे, पण वाघासाठी एवढा गलका झाल्याचं मी ऐकलेलं नाही. काकाजी हात बाहेर काढून धुकं पकडतात. काकू मफलर गुंडाळतात. एसी बंद करून मफलर गुंडाळण्याचं सुख काय असतं ते अकोल्यात मे महिना काढल्याशिवाय समजत नाही.

मग पॉइंट. ठरवलेल्या जीपवाल्याने सगळे दाखवायचे असतात, आणि तो एकही सोडत नाही. हरिकेनला गाडीतून उतरलो तर वाऱ्याने पहिल्यांदा छत्री उलटी केली आणि मग ती सरळ करायला गेलेल्या भाच्याला. समोर लोखंडी कठडा होता. कठड्यापलीकडे पांढरं. जीपवाल्याने हात लांब केला.

"इकळे पाह्यना साहेब. हे समोर गाविलगड."

"कोठी?"

"धुक्याच्या मांग."

"आन हे इकळे?"

"हे मोझरी पॉइंट. त्याच्या खालतं दरी."

"खोल हाय?"

"लय खोल. दिसतच नाई एवढी खोल."

आम्ही सगळे त्या दिशेला माना वळवून बराच वेळ पाहत राहिलो. काकाजींनी डोळे बारीक केले आणि मान डोलावली. "तटबंदी मजबूत दिसते," ते म्हणाले. जीपवाला गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हाव. अजूनबी मजबूत हाय." त्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. युरोपातला मार्गदर्शक जे दिसतं त्याची माहिती देतो. ह्याने न दिसणाऱ्या सहा गोष्टी जागच्या जागी दाखवल्या आणि एकालाही संशय येऊ दिला नाही.

मग फोटो. एकेकट्याचे, जोडीचे, सासरच्यांचे, माहेरच्यांचे, "आता हसू नका" असा एक. सगळ्यांच्या मागे तेच पांढरं. पाठीमागे हजार फुटांची दरी आहे की काकाजींच्या घरची चुना दिलेली भिंत, हे फोटो पाहून विधात्यालाही सांगता यायचं नाही. तरी रात्री ते सगळ्या नातेवाइकांना गेले आणि सगळ्यांकडून उत्तर आलं: "काय नजारा आहे!"

इथे मला काकाजींचं युंगफ्राउचं वाक्य आठवलं आणि मी ते काढलं. म्हटलं, "काकाजी, तिथे धुकं होतं तर तुम्ही पैसे परत मागत होते. इथे तर त्याहून दाट आहे."

ते म्हणाले, "तिकळे मी डोंगर पाह्यले गेल्तो. इकळे धुकं पाह्यले आलो. ते दिसून रायलं ना?"

याच्यावर बोलायला काही जागा नव्हती. आमच्याकडे वर्षातले आठ महिने सगळं दिसतच असतं. सकाळी दहाला जे ऊन पडतं ते संध्याकाळी सहापर्यंत काही झाकू देत नाही. चार कोसांवरचं लिंबाचं झाड दिसतं, त्याखालची बैलगाडी दिसते, आणि बैलगाडीवर झोपलेला माणूस कोण तेही दिसतं. क्षितिज कुठेही बसलं तरी समोर असतंच. महाबळेश्वरला मुंबईकर जातो तो लांबचं पाहायला, कारण त्याला घरी समोरच्या इमारतीचं स्वयंपाकघर दिसतं. आम्हाला लांबचं पाहायची हौस का असावी? डोळ्यांसमोर हात धरला तर हात दिसू नये, ही आमची चैन. तिच्यासाठी आम्ही, अमरावतीहून धरलं तरी, 80-85 किलोमीटर पेट्रोल जाळतो आणि वर कठड्याला टेकून काहीच दिसत नाही म्हणून कृतार्थ होतो.

बाकीचे पॉइंट झपाट्याने झाले. देवी पॉइंटला कपारीत देवी आहे, डोक्यावर खडकातून पाणी ठिबकतं, त्यामुळे तिथे निदान दर्शन तरी नक्की होतं. भीमकुंडाला जीपवाल्याने सांगितलं की भीमाने कीचकाला मारून याच दरीत लोटलं आणि खालच्या कुंडात हात धुतले. बल्लव झालेला भीम हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नसणार, हे पटण्यासारखं आहे. काकाजींनी कठडा हलवून पाहिला आणि विचारलं, "तवा हे नव्हतं ना?" पंचबोलला पाच डोंगर आहेत, हाक मारली की पाच वेळा परत येते, अशी ख्याती. रविवारी तिथे एका वेळी किमान बारा कुटुंबं हाका मारत असतात. "अबे गज्या" एकाने म्हटलं तर परत "मम्मी" ऐकू येतं. डोंगरांचा पार गोंधळ उडालेला असतो. काकाजींनी दोन्ही हात तोंडाशी धरून काकूंचं नाव घेतलं, चाळीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदाच. डोंगराने ते पोचवलं. काकू बाजूलाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हा डोंगर बरा हाय बाप्पा. एका हाकेले पाच खेपा ओ देते. आमच्या घरी पाच हाकांले एक ओ भेटत नाई."

पॉइंटवर दोन रांगा असतात, एक कठड्याकडे आणि एक कणसाच्या गाडीकडे. दुसरी नेहमी मोठी. निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, त्यावर लिंबाच्या अर्ध्या फोडीने चोळलेलं तिखट-मीठ, आणि धुराने पाणावलेले डोळे. दरीकडे सगळ्यांची पाठ. गावात परतलं की गवळ्यांकडची रबडी, घट्ट, सायीचे पदर असलेली. मी असं पाहिलं आहे की चिखलदऱ्याहून आलेल्या माणसाला कोणते पॉइंट पाहिले हे सांगता येत नाही, पण रबडी कोणाकडची हे तो नकाशा काढून सांगतो. तिथे कॉफी पिकते. महाराष्ट्रात कॉफीचा मळा पाहायचा तर इथे यावं लागतं. आम्ही मळ्याच्या शेजारच्या टपरीवर उभे राहून चहा मागतो.

गाविलगड मला पुढे एकदा हिवाळ्यात खराखुरा दिसला. धुक्याच्या मागे जीपवाल्याने जिथे दाखवला होता, अगदी तिथेच होता. अहमदशाह बहमनीने 1425 च्या सुमारास बांधलेला. तटबंदीही मजबूत. वेलस्लीच्या माणसांना त्याच्या उत्तरेच्या अंगाला तोफा न्यायला डोंगरांत रस्ता करत जावं लागलं. 15 डिसेंबर 1803 ला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला, आणि दोन दिवसांनी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं, आणि पुढे निजामाकडे. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं, आणि लंडनमध्ये हाइड पार्कच्या कोपऱ्यावर त्याच्या नावाची कमान आहे. त्या कमानीच्या वर गच्ची आहे. पैसे देऊन वर जायचं आणि लंडन पाहायचं. काकाजींना टूर मॅनेजरने बसमधून ती कमान दाखवली होती. काकाजी वर गेले नाहीत. घरी आल्यावर मी त्यांना हा सगळा संबंध समजावून सांगितला तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आपल्या गावातल्या बुरजावर तो फुकट चढला, आन त्याच्या कमानीवर चढाले आपन तिकीट काढाचं?"

आता चिखलदऱ्यालाच काचेचा स्कायवॉक होतो आहे. हरिकेन ते गोराघाट, दोन कड्यांच्या मधात, 400 मीटरहून लांब. परवानग्यांच्या अडथळ्यांत तो कित्येक वर्षं लोंबकळत राहिला, जे झुलत्या पुलाच्या प्रकृतीला धरूनच झालं. लोक विचारतात, काच कशाला? मला त्यात काही वावगं दिसत नाही. आजवर फक्त समोरचं धुकं पाहायला मिळत होतं, आता पायाखालचंही मिळेल.

हे सगळं अमरावती जिल्ह्याचं. अकोल्याच्या माणसासमोर चिखलदऱ्याची एवढी स्तुती केली की तो खाकरतो आणि म्हणतो, "नरनाळा पाह्यला का?" प्रश्न बरोबर आहे. अकोटच्या पुढे, पोपटखेडवरून शहानूरला जायचं, वनखात्याच्या फाटकावर नोंद करायची आणि वर. 1487 मधला महाकाली दरवाजा, त्यावरची अरबी अक्षरं, नक्षीचे सज्जे आणि दगडी जाळ्या पाहिल्या की या मुलखातही कोणाला बसून बाहेर पाहायची आवड होती याची खात्री पटते. वर तळी आहेत, नऊगजी तोफ आहे, आणि कड्यावर उभं राहिलं तर खाली वऱ्हाड उघडं पडलेलं दिसतं. माझ्या मते दोन्ही जिल्ह्यांतला हा सर्वांत देखणा व्ह्यू. पण नातेवाइकांना विचारलं, तर म्हणतात, "नरनाळ्याले काई नाई." काई नाई म्हणजे भजी नाहीत.

राहता राहिला एक पॉइंट, ज्याला पाटी नाही, कठडा नाही आणि कणसाची गाडीही नाही. चिखलदऱ्याहून घाट उतरताना एका वळणावर झाडी संपते आणि खालचं सगळं मैदान समोर येतं. आम्ही उतरत होतो तेव्हा पाऊस थांबला होता, धुकं वर राहिलं होतं आणि दिवे लागले होते. काकाजींनी गाडी थांबवायला लावली. युरोपातल्या कुठल्या टेकडीवर त्यांनी एवढ्या तत्परतेने दार उघडलं नसेल. उतरून त्यांनी एकेक दिवा ओळखायला सुरुवात केली. हे परतवाडा. त्याच्या अंगाला लागून अचलपूर. ती लांब रेघ म्हणजे अंजनगावचा रस्ता. इकडे अंधार आहे तिथे संत्र्याचे बगीचे. ते पथ्रोट असावं, नसलं तर त्याच्या शेजारचं. पंधरा मिनिटं झाली तरी ते हलेनात. मग त्यांनी क्षितिजावर, जिथे मला काहीच दिसत नव्हतं, तिथे बोट रोखलं.

"तो पिवळा लाइट दिसते का? ते अकोला."

"इतक्या लांबून नाही दिसणार, काकाजी."

"दिसते. तो त आपल्या गच्चीवरचा बल्ब हाय."

काकू आतापर्यंत गाडीत बसून पाय चोळत होत्या. त्या ताडकन खाली उतरल्या. "म्हंजे तुमी गच्चीवरचा लाइट चालूच ठेवून आले? दोन दिवस झाले! बिल कोन भरन?"

काकाजींनी लगेच माघार घेतली. तो आपला नसेल, शेजाऱ्यांचा असेल, किंवा अकोटच्या एखाद्या जिनिंगचा असेल. पण काकूंनी आता तो दिवा स्वतः पाहिला होता आणि त्यांच्या मते तो आपलाच होता, गच्चीवरून त्यांची नजर कधी चुकलेली नाही. शेजारी फोन लावला. शेजाऱ्यांनी जाऊन पाहिलं, दिवा बंद होता. काकू म्हणाल्या, त्यांनी आता बंद केला असेल. काकाजी म्हणाले, मग तो अजून दिसतो कसा? घाट संपला, परतवाडा गेलं, वाद चालूच. शेवटी अंजनगावला पानाच्या टपरीवर गाडी थांबली. अंजनगाव सुर्जीला तहाची परंपरा आहे. 30 डिसेंबर 1803 ला शिंद्यांनी वेलस्लीशी तह केला तो इथलाच. आमच्या तहाची कलमं अशी ठरली: यापुढे घराबाहेर पडताना गच्चीवरचा लाइट काकू तपासतील, काकाजींनी लांबचं काही ओळखायचं नाही, आणि दोन मसाला पानांचे पैसे मी द्यायचे.